भाड्यानें दिलेलें घर : विमा आणि जबाबदारी

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कात्रज, खेड-शिवापूर, नसरापूरचा फाटा आणि कापूरहोळ मागें पडल्यावर किकवी लागतें. भोर तालुक्यांतील हें गांव. पुढें सारोळें, मग नीरा नदी, आणि नदी ओलांडली कीं सातारा जिल्ह्यांतील शिरवळ व तेथील कारखाने. या हमरस्त्याच्या कडेच्या जमिनीला पूर्वीं जें मोल होतें तें पिकाचें होतें. आतां तें भाड्याचें आहे. कारखान्यांत कामाला येणाऱ्या तरुणांना, बदलीवर आलेल्या नोकरांना आणि वाटेवरच्या दुकानदारांना जागा हवी असते. ज्याच्या वडिलार्जित जमिनीचा तुकडा रस्त्याजवळ आहे, त्याला दोन मजले उठवून खोल्या भाड्यानें देण्याची बुद्धि होणें साहजिक आहे. शेत वर्षांतून एकदां-दोनदां पैसा देतें, खोली दर महिन्यास देते.

परंतु शेतांत आणि खोलींत एक मोठा भेद आहे, आणि तो बांधकामाच्या उत्साहांत पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. शेतांतील पीक बुडालें तर शेतकऱ्याचें नुकसान होतें व तें तेथेंच थांबतें. खोलीचा सज्जा कोसळला, न्हाणीघरांत वायूनें एखादा गुदमरला, किंवा गच्चीवरील टांकीखालून जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर वीट पडली, तर तें नुकसान मालकापाशीं थांबत नाहीं. तें दुसऱ्याच्या घरांत शिरतें आणि तेथून दावा बनून मालकाच्या दारीं परत येतें. घराची जोखीम आणि घरमालकाच्या जबाबदारीची जोखीम या दोन निराळ्या वस्तु आहेत. त्यांचा विमाही निराळा आहे.

कल्पनेसाठीं एक उदाहरण घेऊं. पुण्यास नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थानें किकवीच्या आपल्या जमिनीवर भविष्यनिर्वाह निधीचे सारे पैसे घातले, वर बँकेचें कर्ज काढलें, आणि खालीं दोन दुकानें व वर सहा खोल्या बांधल्या. खोल्यांचें भाडें महिना चोवीस हजार, दुकानांचें बारा हजार. त्यांतून बँकेचा एकवीस हजारांचा हप्ता जातो, आणि उरलेल्या पंधरा हजारांत त्याची व पत्नीची गुजराण होते. स्वतः तो पुण्यासच राहतो व महिन्यांतून एक फेरी किकवीस मारतो. खालच्या एका दुकानांत किराणा आहे. दुसऱ्यांत पूर्वीं शिंपी होता, आतां तेथें खानावळ आहे व तिच्या मागच्या बाजूस गॅसच्या चार टांक्या ठेविलेल्या असतात. बँकेनें कर्ज देतांना एक विमा पॉलिसी काढून घेतली होती. तिचा कागद कपाटांत आहे आणि तो त्यानें कधीं वाचलेला नाहीं. असा माणूस किकवींतच शोधावयास पाहिजे असें नाहीं. पुण्याच्या उपनगरांत, नाशकांत, कोल्हापुरांत, कोठेंही तो भेटेल.

विम्याची कल्पना आपल्या लोकांना परकी नाहीं. जुन्या व्यापाऱ्यांत जोखमी हुंडी नांवाचा प्रकार होता. माल सुखरूप पोहोंचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे, वाटेंत बुडाला तर नाहीं. म्हणजे हुंडी घेणारा मालाची जोखीम पत्करीत असे. आगीचा विमा मात्र विलायतेंतून आला. १६६६ सालीं लंडन शहर जळालें, आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तेथें घरांचे आगीचे विमे उतरविण्याचा धंदा उभा राहिला. आपल्या देशांत कलकत्त्यास १८५० सालीं ट्रायटन इन्शुरन्स कंपनी निघाली, आणि १९१९ सालीं मुंबईंत सर दोराबजी टाटांनीं न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स स्थापिली. १९३८ चा विमा कायदा आजही दुरुस्त्यांसह चालू आहे. सर्वसाधारण विम्याचें राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्यानें झालें. १०७ विमा संस्थांच्या चार सरकारी कंपन्या करण्यांत येऊन त्या १ जानेवारी १९७३ पासून काम करूं लागल्या. पुढें २००० सालापासून खाजगी कंपन्यांनाही दार उघडलें. एवढा इतिहास पुरे.

घरमालकाच्या दृष्टीनें खरी महत्त्वाची तारीख १ एप्रिल २०२१ ही आहे. त्या दिवसापासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आज्ञेनें राहत्या घरांसाठीं ‘भारत गृह रक्षा’ या नांवाची एकच ठराविक पॉलिसी सर्व कंपन्यांनीं देऊं करावी असें ठरलें. तिचीं कलमें सर्वत्र सारखीं असल्यामुळें ती एकदां समजून घेतली म्हणजे पुरतें. आग, वीज पडणें, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणें, दंगा, बाहेरून एखादें वाहन येऊन आदळणें, पाण्याची टांकी अथवा नळ एकाएकीं फुटणें, या व अशा कांहीं नेमलेल्या कारणांनीं झालेलें इमारतीचें नुकसान ती भरून देते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आंत, तिच्याच परिणामानें चोरी झाली तर तीही धरली जाते. हमरस्त्यालगतच्या घरास वाहन आदळण्याचें कलम किती उपयोगाचें आहे हें किकवीकरांस सांगावयास नको.

भूकंप हें नांव वाचून कोणी हंसूं नये. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण असलेलीं माणसें या भागांत अजून आहेत. पुराविषयींही तेंच. वेल्हे भागांतील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें आणि पुण्याच्या पेठांतील वाडेच्या वाडे पाण्यांत बसले. त्या वाड्यांत मालक थोडे आणि बिऱ्हाडकरू पुष्कळ होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्यांत आंबिल ओढ्यानें आणि याच सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरच्या बाजूस पावसानें जो अनर्थ केला तोही फार जुना नाहीं. नदी दूर आहे म्हणून पूर येणार नाहीं, ही समजूत ओढे खोटी पाडतात.

आतां विमा किती रकमेचा उतरावयाचा? येथें बहुतेक मालक चुकतात, आणि दोन्ही दिशांनीं चुकतात. रस्त्यालगतच्या जागेची बाजारांतील किंमत ऐंशी लाख आहे म्हणून कोणी ऐंशी लाखांचा विमा मागतो; परंतु त्या किंमतींत जमिनीचें मोल असतें, आणि जमीन जळत नाहीं. विमा घर पुन्हां बांधण्यास येणाऱ्या खर्चाचा असतो. घराचें चटई क्षेत्र किती चौरस मीटर, आणि आज त्या ठिकाणीं तशा बांधकामास दर चौरस मीटरला काय खर्च येतो, या दोहोंचा गुणाकार करावा. क्षेत्र दीडशें चौरस मीटर व दर अठरा हजार धरिला तर सत्तावीस लाख होतात. उलट पक्षीं, कोणी दहा वर्षांपूर्वीं बारा लाखांत घर झालें म्हणून बारा लाखांचाच विमा चालू ठेवितो. पूर्वींच्या पॉलिसींत अशा माणसाची मोठी फजिती होत असे. वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचा उतरला आणि चार लाखांचें नुकसान झालें, तर कंपनी म्हणे कीं, निम्मी जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेविली होती, तेव्हां निम्मेंच नुकसान, म्हणजे दोन लाख, आम्हीं द्यावयाचें. राहत्या घरांच्या बाबतींत ही काटछांट नव्या पॉलिसीनें काढून टाकिली आहे, आणि विम्याची रक्कमही दर वर्षीं शेंकडा दहा या मानानें आपोआप वाढत जाते. तरीही संपूर्ण घर गेलें तर पॉलिसींत लिहिलेल्या मर्यादेहून अधिक पैसे कोठून येणार? हप्ता वांचविण्यासाठीं रक्कम कमी लिहिणें यासारखी खोटी काटकसर नाहीं; कारण हप्त्याचा दर येथें शेंकड्यावर नव्हे, हजारावर मोजतात.

बँकेनें काढून घेतलेल्या पॉलिसीवर विसंबणें हीही तशीच चूक. कर्जास तारण म्हणून ती काढलेली असेल तर कधीं कधीं ती कर्जाच्या रकमेपुरतीच असते. आणि पैसे आले तर प्रथम बँकेचें देणें फिटतें, उरलें तर मालकास. आपल्या उदाहरणांतील गृहस्थानें कपाटांतील कागद काढून प्रथम त्यांतील रक्कम, मुदत आणि ‘उपयोग’ या सदराखालीं काय लिहिलें आहे हें पाहावें. तेथें नुसतें ‘निवास’ असें लिहिलेलें आढळेल, आणि खालीं तर खानावळ चालली आहे.

हा मुद्दा विस्तारानें सांगण्यासारखा आहे. ‘भारत गृह रक्षा’ ही राहण्याच्या घरांसाठीं आहे. दुकानें, खानावळी, कोठारें यांची जोखीम निराळी, म्हणून त्यांची पॉलिसीही निराळी. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पांच कोटींच्या आंत असल्यास ती ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नांवाखालीं मिळते. तिच्यांत कमी रकमेच्या विम्याबद्दलची काटछांट पूर्णपणें गेलेली नाहीं. शेंकडा पंधरापर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढें नाहीं. एकाच इमारतींत खालीं धंदा व वर बिऱ्हाडें असतील तर ती गोष्ट प्रस्तावाच्या अर्जांत स्पष्ट लिहावी, आणि भाडोत्री बदलून शिंप्याच्या जागीं खानावळवाला आला तर तेंही कंपनीस लेखी कळवावें. घर स्वतः राहण्यासाठीं आहे कीं भाड्यानें दिलें आहे, हेंही सांगावें. विम्याचा करार इतर करारांसारखा नाहीं. इतर व्यवहारांत घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे असा नियम आहे. येथें मात्र जोखीम ज्याला ठाऊक तो मालक असल्यामुळें, त्यानें ती न विचारतां सांगितली पाहिजे असा दंडक आहे. सांगितलें तर हप्त्यांत थोडे रुपये वाढतील. न सांगितलें तर आगीच्या दुसऱ्या दिवशीं सर्व्हेयर येऊन टांक्या मोजील व आपल्या अहवालांत लिहील.

पॉलिसी काय देत नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. भिंतींत वर्षानुवर्षें मुरणारी ओल, वाळवी, गंज, झीज, हीं तिच्या बाहेर आहेत. नवी इमारत बसल्यामुळें पडणाऱ्या भेगा, भराव टाकलेली जमीन खचणें, आणि सदोष आंखणी अथवा हलक्या कामामुळें झालेलें नुकसान हींही वगळलेलीं आहेत. म्हणजे वादळानें पत्रे उडाले तर पैसे मिळतील; परंतु वाळूंत सिमेंट कमी पडल्यामुळें सज्जा आपोआप गळून पडला तर त्या सज्जाचे पैसे मिळणार नाहींत. विजेच्या पंपांत दाब वाढून पंप जळाला तर त्या पंपाचे नाहींत. त्यापासून घरास आग लागली तर घराचे मिळतील. आणि बिऱ्हाडकरूचें सामान, त्याची मोटारसायकल, दुकानदाराचा माल, यांचा मालकाच्या पॉलिसीशीं कांहीं संबंध नाहीं. तो ज्याचा त्यानें पाहावा. हें मात्र खोली देतांनाच भाडोत्र्यास सांगून ठेवणें माणुसकीचें आहे, कारण पुष्कळ गरीब मुलांची अशी समजूत असते कीं, घराचा विमा आहे म्हणजे आपल्या पेटीचाही आहे.

घर उभें करण्याचा खर्च मिळाला तरी उभें होईपर्यंत भाडें बुडतें, त्याचें काय? मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. त्याच्या १०८ व्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, आग, वादळ, पूर अशा कारणांनीं जागेचा महत्त्वाचा भाग नाहींसा झाला अथवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडोत्री वाटेल तर पट्टा रद्द समजूं शकतो. नुकसान त्याच्याच गैरकृत्यानें किंवा चुकीनें झालें असेल तर मात्र नाहीं. हल्लीं सर्रास होणारे लीव्ह अँड लायसेन्सचे करार तर त्याहून नाजुक. जागाच गेली म्हणजे परवानगीही संपली. भाडें थांबतें, बँकेचा हप्ता थांबत नाहीं. आपल्या गृहस्थाचे छत्तीस हजार एका रात्रींत शून्य होतील आणि एकवीस हजारांचा तगादा चालूच राहील. म्हणून गृह रक्षा पॉलिसींतील भाडेबुडीचें कलम भाड्याच्या घरास फार मोलाचें आहे. विम्यांतील कारणानें घर राहण्यास अयोग्य झालें तर दुरुस्तीस वाजवी लागणाऱ्या काळापुरतें, पॉलिसींत लिहिलेल्या मर्यादेंत, बुडालेलें भाडें त्यांतून मिळतें. मात्र भाडें किती होतें हें दाखविण्यास नोंदविलेला करार व बँकेंतील जमा लागते. वहींतील पेन्सिलीची टिपणें आणि रोखीनें घेतलेले पैसे तेथें कामास येत नाहींत. कर चुकविण्यासाठीं करारांत भाडें कमी लिहिणाऱ्यास विमाही तितकाच कमी मिळतो. याबद्दल कोणीं हळहळ करण्याचें कारण नाहीं.

आतां जबाबदारीचा भाग. येथें बहुतेक मालक अगदींच उघड्यावर असतात.

दिल्लीच्या चांदणी चौकांत नगरभवनासमोर घड्याळाचा एक मनोरा होता. तो कोसळून खालचीं माणसें मेलीं. त्यांच्या नातलगांनीं दावे लाविले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ सालीं निकाल लागला. मनोरा ऐंशी वर्षांचा होता, आणि ज्या प्रकारच्या चुन्यांत वरचा मजला बांधला होता त्याचें आयुष्य चाळीस ते पंचेचाळीस वर्षांचेंच, अशी साक्ष झाली होती. मनोऱ्याची मालक असलेली दिल्लीची नगरपालिका म्हणत होती कीं, दोष बाहेरून दिसत नव्हता. न्यायालयानें तें मानलें नाहीं. रस्त्यालगतच्या इमारतीच्या मालकानें ती सुस्थितींत ठेविलीच पाहिजे. दोष उघड असो कीं गुप्त असो, इमारत पडून वाटसरू मेला तर मालक जबाबदार. बऱ्या स्थितींतील मनोरा आपोआप पडत नसतो. म्हणून पडणें हाच हयगयीचा पुरावा, आणि हयगय झाली नाहीं हें मालकानें सिद्ध करावयाचें.

हा निकाल हमरस्त्यावरील प्रत्येक घरमालकानें लक्षांत ठेवावा. कंत्राटदारानें फसविलें, ही सबब मालकाला कंत्राटदाराशीं भांडतांना उपयोगी पडेल; रस्त्यावरील जखमी माणसापुढें ती चालणार नाहीं. तसेंच करारनाम्यांत ‘कोणत्याही अपघातास मालक जबाबदार राहणार नाहीं’ असें वाक्य घालून पुष्कळजण निर्धास्त होतात. त्या वाक्यावर सही भाडोत्र्याची आहे. त्याच्या मुलाची, त्याच्याकडे आलेल्या पाहुण्याची, दूधवाल्याची अथवा वाटसरूची नाहीं. आणि १८८२ च्या त्याच कायद्यानें, मालकास ठाऊक असलेला व भाडोत्र्यास साध्या नजरेनें न दिसणारा जागेचा मोठा दोष सांगून टाकणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रणाचा १९९९ चा कायदा ज्या भागांस लागू आहे तेथें, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याचा भार मालकावर आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानें दुरुस्ती केली नाहीं तर भाडोत्री ती करून घेऊन खर्च भाड्यांतून वळता करूं शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. म्हणजे भाडोत्र्यानें पाठविलेली दुरुस्तीची चिठ्ठी हा केवळ त्रासाचा कागद नव्हे. उद्यां अपघात झाला तर मालकास दोष ठाऊक होता हें सिद्ध करणारा तो पहिला पुरावा आहे.

२९ जून २०१९ रोजीं पहांटे पुण्याच्या कोंढव्यांत एका गृहसंकुलाची कुंपणाची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोंपड्यांवर पडली आणि पंधरा माणसें गेलीं. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाडास पांच मजली इमारत खालीं आली व सोळा माणसें मेलीं. ती इमारत जुनी नव्हती. घर भाड्यानें देणाऱ्याच्या रोजच्या जोखमी याहून लहान असतात, पण माणूस मरण्यास लहान कारणही पुरतें. हवा खेळण्यास खिडकी नसलेल्या न्हाणीघरांत बसविलेला गॅसचा बंब. भुईंत वीज उतरविण्याची तार न जोडलेला पाणी तापविण्याचा विजेचा बंब. झांकण नसलेली जमिनींतील टांकी. गुडघ्याएवढा कठडा असलेली गच्ची. यांतील प्रत्येक वस्तु मालकानें बसविलेली किंवा बसवावयाची राहिलेली असते. बावीस वर्षांचा कमावता मुलगा न्हाणीघरांत गुदमरला तर दिवाणी न्यायालय नुकसानभरपाई ठरवितांना त्याची मिळकत, त्याचें उरलेलें आयुष्य आणि त्याच्यावर अवलंबून असलेलीं आईबापें पाहील. ती रक्कम त्या बंबाच्या किंमतीशीं, किंवा त्या खोलीच्या भाड्याशीं, कोणतेंही प्रमाण राखीत नाहीं. आपल्या गृहस्थाचे सहा खोल्यांचें घर विकून ती भागवावी लागेल.

गृह रक्षा पॉलिसींत हें देणें येत नाहीं. तिच्याकडून आपलें घर भरून मिळतें, दुसऱ्याचें देणें फिटत नाहीं. त्यासाठीं दायित्वाचा विमा निराळा घ्यावा लागतो. कांहीं कंपन्यांच्या ‘हाउसहोल्डर्स’ या संयुक्त पॉलिसींत सार्वजनिक दायित्वाचा एक विभाग असतो, आणि घरच्या नोकरास कामावर इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचाही असतो. परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. तो विभाग बहुधा विमेदार ज्या घरांत राहतो त्या घराच्या दृष्टीनें लिहिलेला असतो. पुण्यांत राहून किकवींतील खोल्या भाड्यानें देणाऱ्यास तो लागू पडेल कीं नाहीं, हें कंपनीकडून लेखी घ्यावें. न पडल्यास इमारतीच्या मालकाच्या दायित्वाची स्वतंत्र पॉलिसी मागावी. १९९१ सालच्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याशीं तिची गल्लत करूं नये. तो कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांसाठीं झालेला आहे. त्याचा खोल्या भाड्यानें देणाऱ्याशीं संबंध नाहीं.

अशा पॉलिसींत दोन आंकडे असतात: एका अपघातास जास्तींत जास्त किती, आणि सबंध वर्षांत मिळून किती. दोन्ही पाहावे. दावा लढविण्याचा खर्च त्या मर्यादेच्या आंत धरला आहे कीं वर, हेंही विचारावें. कारण कित्येक वेळां दावा हरण्यापेक्षां लढण्यांतच माणूस खचतो. जाणूनबुजून केलेलें कृत्य, स्वतःच्या कुटुंबांतील माणसांस झालेली इजा, आणि करारानें आपण होऊन अंगावर घेतलेली जास्तीची जबाबदारी हीं सामान्यतः वगळलेलीं असतात. आणि फौजदारीचा भाग तर कोणताच विमा घेत नाहीं. हयगयीनें मृत्यु घडविण्याबद्दल भारतीय न्याय संहितेंत पांच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ती ज्याची त्यानेंच भोगावयाची. रंगारी किंवा गवंडी पराचीवरून पडला तर काय, हाही प्रश्न नेहमीं येतो. दुरुस्तीचें काम देतांना कंत्राटदारापाशीं त्याच्या मजुरांचा विमा आहे कीं नाहीं हें पाहून, पॉलिसीची नक्कल घेऊनच काम सुरू करूं द्यावें.

खानावळींतील गॅसच्या टांक्यांबद्दल एक शब्द. घरगुती गॅसच्या ग्राहकांसाठीं तेल कंपन्यांनीं दायित्वाचा विमा उतरलेला असतो, हें पुष्कळांस माहीत नसतें. परंतु मालमत्तेच्या नुकसानीपुरता तरी तो ज्या पत्त्यावर गॅसची नोंद आहे त्या पत्त्याशीं बांधलेला आहे. गांवाकडच्या नांवावरची टांकी उचलून आणून किकवींतील खोलींत लावणाऱ्या भाडोत्र्यास, आणि पर्यायानें मालकास, त्याचा आधार मिळण्याची आशा धरूं नये.

येथें भाडोत्र्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. समजा, एका भाडोत्र्यानें इस्त्री चालू ठेवून दार लावलें आणि मजला जळाला. कंपनी मालकाचे पैसे देते. परंतु पैसे दिले म्हणजे मालकाचा जो हक्क त्या भाडोत्र्यावर होता तो कंपनीकडे जातो, आणि मालकाच्या जागीं उभी राहून ती त्याच्यावर दावा लावूं शकते. मालकाचा विमा आहे म्हणून भाडोत्री सुटला असें होत नाहीं. म्हणून भाडोत्र्यानेंही आपल्या सामानाचा, आणि जागेच्या नुकसानीबद्दलच्या आपल्या दायित्वाचा, लहानसा विमा घ्यावा. आणि मालकानें अपघातानंतर कनवाळूपणानें ‘तुझ्याकडून मला कांहीं नको’ असें लिहून देण्यापूर्वीं कंपनीस विचारावें. तो हक्क असा सोडून दिल्यास त्याची स्वतःची भरपाई अडकूं शकते. दया दाखवावयाची तर ती आपल्या खिशांतून दाखवावी.

पॉलिसी हप्ता कंपनीकडे पोहोंचल्यानंतरच चालू होते; विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणें हप्ता मिळण्यापूर्वीं जोखीम पत्करतां येत नाहीं. एजंटानें ‘झालें म्हणून समजा’ असें सांगितलें तरी समजूं नये. गृह रक्षा पॉलिसी एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची मिळते, आणि विसराळू मालकानें लांब मुदतीची घेतलेली बरी. घर विकलें, वारसांच्या नांवें झालें, वर एक मजला चढविला, तर त्या त्या वेळीं पॉलिसींत तशी नोंद करून घ्यावी. घराशीं ज्याचा हितसंबंध उरला नाहीं त्याच्या हातांतील पॉलिसी हा रद्दीचा कागद आहे.

अपघात झालाच तर प्रथम माणसें वांचवावीं, मग नुकसान वाढूं नये असें करावें, आणि त्याच दिवशीं कंपनीस कळवावें. आगीस अग्निशामक दलाचा दाखला व आवश्यक तेथें पोलीस पंचनामा घ्यावा. सर्व्हेयर येईपर्यंत ढिगारा हलवूं नये, हलवावाच लागला तर आधीं छायाचित्रें काढावीं. कोणास इजा झाली असेल तर त्यास दवाखान्यांत न्यावें, त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी, परंतु ‘चूक माझीच’ असा कागद लिहून देऊं नये किंवा रक्कम कबूल करूं नये. दायित्वाच्या पॉलिसींत कंपनीच्या संमतीवांचून दिलेली कबुली कंपनीस बांधीत नाहीं. घराच्या नकाशाची, बांधकाम परवान्याची, करारांची आणि पॉलिसीची एक एक नक्कल त्या घरांत न ठेवतां दुसरीकडे ठेवावी. घराबरोबर कागदही जळाले, असें सांगणारे मालक थोडे नसतात.

कंपनीनें मागणी नाकारली अथवा फार कमी रक्कम देऊं केली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावें. महिन्याभरांत उत्तर आलें नाहीं किंवा आलेलें पटलें नाहीं, तर एका वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. त्याचें एक कार्यालय पुण्यास आहे. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथें चालतात. फी नाहीं, आणि वकीलही लागत नाहीं.